पालथं सूप

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव पार्वतम्मा. गाव त्यांना अक्का म्हणायचं, म्हून मीबी अक्काच म्हणायची. मी उमा, धाकली. घरात आमी दोघी बायका, माझे मालक हणमंतप्पा, माझी पोरगी आन अक्कांचं सूप. थोरले भावजी लवकर वारले, अक्कांच्या पदरात एक ल्योक टाकून. शांतलिंग त्याचं नाव. त्याचं पुढं सांगते. आत्ताच सांगितलं तर बाकीचं मला सांगवायचं न्हाय.

आमचं गाव लोहाऱ्याच्या बाजाराचं. घरात कानडी, गल्लीत मराठी आन कचेरीत पूर्वी उर्दू. निजाम गेला, पाट्या बदलल्या, मग आमी मुंबई राज्यात गेलो म्हणं. गेलो म्हणजे काय, आमी होतो तिथंच होतो. लेकरं आजारी पडायची आन लोक अक्कांकडं यायचे, ते काय बदललं न्हाय.

तर सूप. हे पाखडायचं सूप न्हवं. सासूबाईंचं होतं, त्याच्या आधी त्यांच्या सासूचं. शेणानं सारवून सारवून काळं पडलेलं, भितीतल्या देवळीत उभं ठेवलेलं. अक्का त्यात दाणे बघायच्या. कुणाचं पोर रडायचं थांबंना, कुणाची म्हस दूध देईना, की माणसं आपापल्या घरची मूठभर जवारी आजाऱ्यावरनं उतरून आणायची. अक्का ती सुपात टाकायच्या, हलवायच्या, आन मग एकेक गोष्ट इचारायच्या. नजर हाय का? बाहेरचं हाय का? दर सवालाला एक चिमूट उचलायची, दाण्यांच्या जोड्या लावायच्या. जोड्या पुरल्या तर ते न्हाय. एक दाणा एकटा उरला तर तेच. संपलं. ना धूप, ना घुमणं. सुपाची पाठ लोकांकडं आसायची, आत फक्त बघणारीला आन तिच्या शेजारी सूप धरून बसणारीला दिसायचं. ती धरून बसणारी मी.

धोंडीबाची वाट येगळी. त्याच्या अंगात आई यायची. मंगळवारी, शुक्रवारी त्याच्या दारात हलगी वाजायची, धोंडीबा कपाळभर मळवट भरून घुमायचा, लिंबू कापायचा, आन आई त्याच्या तोंडानं थेट नावच घ्यायची. दर्ग्यातले मुजावरचाचा कुणाचंबी नाव घ्यायचे न्हायत. पाण्यावर फुंकर मारायचे, काळ्या दोऱ्यात ताईत बांधायचे आन म्हणायचे, कुणी केलं ते अल्लाला ठावं, तू पाणी पी. आमच्या मठातले जंगम अय्या तर तिघांवरबी चिडून. गळ्यात लिंग आसताना सुपाला काय इचारता, म्हणायचे आन इभूत लावायचे. पण त्यांच्याच बहिणीच्या पाठीत चमक भरली तवा ती मागच्या दारानं अक्कांकडं आलती. मीच तिला पाट दिलता बसायला.

हे झाले बघणारे. आन करणारे? करणारं गावात कुणीच न्हवतं. म्या करणी करतो आसं म्हणलेला एक माणूस म्या आजवर बघितला न्हाय. तरी करणी मातर रोज व्हायची.

धोंडीबाला अक्कांना डिवचायची लई हौस. "अक्का, तुमचं सूप मुकं हाय बघा. माझी आई कशी बोलती."

"बोलती लई," अक्का म्हणायच्या. "जरा गप बसली तर तुला ऐकूबी यील."

तवा आसं बोलायच्या अक्का. हसायच्याबी. लोकांना आता सांगितलं तर खरं वाटत न्हाय.

पण चिडवाचिडवी किती का आसंना, एक रीत दोघांनी मानलेली. अंगात आलेल्यानं नाव घेतलं तरी दाण्यांनी पारखल्याबगर गावानं हात उचलायचा न्हाय. घुमणाऱ्याला शुद्ध नसती, त्याच्या बोलण्यात त्याचा सोताचा राग मिसळतो. दाण्याला राग नसतो. दुसरी रीत सासूबाईंनी सूप अक्कांच्या हातात देताना सांगितली, माझ्यादेखत. बघणारीनं आपल्या घरचं बघायचं न्हाय. दाणे घरच्याबद्दल बोलत न्हायत. आन दुसऱ्याचं बघताना एकटा उरलेला दाणा घरंगळून बघणारीच्याच घराकडं वळला, तर समजायचं सूप संपलं. जागच्या जागी पालथं घालायचं. परत कधी सुलटं करायचं न्हाय. आन ज्या गोष्टीवर सूप पालथं पडलं, ती गोष्ट परत कुणीच काढायची न्हाय. ना घुमणाऱ्यानं, ना ताईतवाल्यानं, ना पाटलानं.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घराण्यात कुणावर ही पाळी आली न्हाय. तुमच्यावरबी न येवो."

आता शांतलिंगाचं.

त्याला मुदतीचा ताप आला. शाळंत जायला लागलावता. सकाळी उतरायचा, दुपारी चढायचा. अक्कांनी गावातल्या समद्या लेकरांचं बघितलेलं, आन पोटच्या पोराचं बघता येईना. सूप देवळीत, पोरगं खालच्या गोधडीवर. म्या म्हणलं, अक्का, बघा की एकदा, कोण बघतंय आपल्याला. त्या न्हाय म्हणल्या. मुजावरचाचांचं पाणी झालं, अय्यांची इभूत झाली, लोहाऱ्याच्या वैद्याचा काढा झाला. शेवटी धोंडीबाकडं गेलो. धोंडीबा घुमला आन त्याच्या आईनं नाव घेतलं. अनसूया.

अनसूया खालच्या गल्लीत राहायची. नवरा न्हाय, लेकरू न्हाय, एकटी. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम करायची. दोन्ही पाय लांब करायची, त्यावर बाळ पालथं घालायची आन तेल चोळायची. निम्मं गाव तिच्या पायावर न्हाऊन मोठं झालेलं. शांतलिंगबी. माझी पोरगीबी. धोंडीबाची आई म्हणली, पायावर घेतलं तवाच तिनं पोर घेतलं.

आता हे नाव दाण्यांनी पारखायचं. आन दाणे बघणारी गावात एकच, तिला आपल्या घरचं बघता येत न्हाय. नाव तसंच लोंबकळत राहिलं. शांतलिंग चौथ्या आठवड्यात गेला.

त्याला मठामागं बसवून पुरला, आमच्यात बसवूनच पुरतात. अक्का रडल्या न्हायत. मी छाती बडवून घेत होते, शेजारणी मला धरत होत्या, आन अक्का बघत उभ्या. त्या दिवसापासनं त्यांच्यातलं कायतरी गेलं. काम करायच्या, समदं करायच्या. झाडायच्या, दळायच्या, लोक आले तर दाणेबी बघायच्या. पण भाकरी थापताना हात तव्याला लागला तर ओढून घ्यायच्या न्हायत, मीच ओढायची. एकदा मी आमटीत मीठच टाकलं न्हाय, इसरले. मालकांनी ताट सरकवलं. अक्का जेवून उठल्या. म्या म्हणलं, अक्का, आळणी होतं की. त्या म्हणल्या, "व्हय का?" मग एकदा आमी दोघींनी मीठ टाकलं, तेबी त्या गुमान जेवल्या. जिभंला काय कळतच न्हवतं. डोळ्यालाबी न्हाय आन काळजालाबी न्हाय.

मला मातर समदं कळत होतं. मला राग होता. सकाळी उठलं की आधी राग उठायचा, मग मी. अनसूया गल्लीतनं गेली की मी अंगणात पाणी आसं फेकायची की तिच्या पायाशी पडावं. माझ्या पोरीला तिच्या सावलीला फिरकू दिलं न्हाय. शांतलिंग माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. अक्का शेतात गेल्या की माझ्या ताटात जेवायचा, लोणच्याची फोड चोखून कोय परत मला द्यायचा. आसं पोर गेलं आन जिच्यावर नाव आलं ती बाई आपली तांब्या घेऊन गावात फिरतीया. आन अक्का तिला रस्त्यात दिसल्या तर नमस्कार घेतात. मला तर वाटायचं, मी येडी होणार.

म्या एकदा इचारलंबी. "अक्का, तुमाला तिचा राग येत न्हाय?"

त्यांनी जात्यात आणखी एक मूठ टाकली. मग म्हणल्या, "न्हाय येत, उमा. म्या वाट बघितली. पण आला न्हाय."

मुंबई राज्यात गेलो त्याच्या पुढच्या साली पावसाळ्यानंतर गावात पुन्यांदा ताप आला. घराघरात फवारणीवाले येऊन भितीवर पांढरे डाग पाडून गेलेवते, ते डासाला. हा ताप तोच, मुदतीचा. बलभीम पाटलाच्या नातवाला धरला. पाटलाच्या घरात लई वर्षांनी पाळणा हाललावता, आन ते पोरबी अनसूयेच्याच पायावर न्हालेलं.

पाटील धोंडीबाकडं गेले. हलगी वाजली, धोंडीबा घुमला. परत तेच नाव आलं.

दुसऱ्या दिवशी समद्या गावाला खबर. पाटलांनी सांगून टाकलं, येत्या अमुशाला दुपारी चावडीसमोर दाणे बघायचे. पारख झाली तर अनसूयेचं घर उतरवायचं आन तिला शिवेबाहेर घालायचं. ह्या वयात ती कुठं जाणार? कुणाला इचारायची गरज वाटली न्हाय. मला तर मुळीच वाटली न्हाय. मला वाटलं, देवानं ऐकलं. आता हे आपल्या घरचं न्हाय, पाटलाच्या घरचं हाय, आता अक्कांना बघता यील. आन ह्या पोराचं जर अनसूयेनं केलं आसंल, तर शांतलिंगाचंबी तिनंच केलं. एका दाण्यात दोन्हीचा निकाल.

अमुशाच्या आदल्या दिवशी अनसूया आमच्या दारात आली. आत आली न्हाय, उंबऱ्याबाहेर बसली. एवढी थोराड बाई, वाळून गेलेली. मी बाहेर गेले आन तोंडाला यील ते बोलले. ती ऐकून घेत होती. अक्का आतून आल्या, हातात पाण्याचा तांब्या. तिला दिला.

"अक्का," अनसूया म्हणली, "तुमच्या शांत्याला म्या पायावर घेतलावता तवा तो माझ्या अंगावर मुतलावता. म्या पदर धुतला न्हाय दोन दिवस, पोराचा मूत शकुनाचा म्हून. म्या त्याला कसं काय करीन?"

"मला ठावं न्हाय," अक्का म्हणल्या.

"तुमाला तसं वाटतंय का?"

"मला काय वाटत न्हाय, अनसूये. म्या उद्या दाणे बघीन. दाणे काय म्हणत्यात ते बघीन."

अनसूया पाणी प्याली, तिनं तांब्या पालथा करून उंबऱ्यावर ठेवला आन गेली. म्या तो तांब्या चिंच लावून घासला. अक्का बघत होत्या.

रात्री जेवताना मी त्यांना म्हणलं, "अक्का, उद्या कच खाऊ नका. शांतलिंगाची आण हाय तुमाला. दाणा जे म्हणंल ते मोठ्यानं बोला."

"बोलते," त्या म्हणल्या.

अमुशाला दुपारी चावडीसमोर गाव जमा झालं. पाटील खाटंवर बसले. धोंडीबा कडंला उभा, तोंडात तंबाखू, मळवट पुसलेला. अनसूया खाली मातीत बसली, शेजारी एक गाठोडं. तिनं आधीच बांधून आणलंवतं. त्यात काय आसणार, एक लुगडं आन तेलाची बाटली. ते गाठोडं बघून एक-दोन बायकांनी तोंड फिरवलं. मी फिरवलं न्हाय.

पाटलाच्या सुनंनं नातवावरनं उतरून जवारी आणली. अक्कांनी सुपात घेतली. मी शेजारी बसले, सुपाची कड धरली. अक्कांनी सूप हलवलं, दाणे खळखळले. नजर हाय का, त्यांनी इचारलं. जोड्या पुरल्या. "न्हाय." बाहेरचं हाय का? जोड्या पुरल्या. "न्हाय." माणसानं केलंय का? एक दाणा उरला. "व्हय," अक्का म्हणल्या.

मग त्यांनी नाव घेतलं. "अनसूया."

चिमूट उचलली. सुपाच्या तळाला दाणे ठेवले आन बोटानं जोड्या लावायला लागल्या. दोन, परत दोन, परत दोन. माझे डोळे फुटायची पाळी आलती. जोड्या संपल्या आन एक दाणा उरला. टपोरा, पांढरा, एका बाजूनं किडीनं थोडा खाल्लेला. म्या तो बघितला. अजून डोळ्यासमोर हाय. एकटा दाणा म्हणजे तेच. म्हणजे अनसूया. माझ्या मनात आलं, शांत्या, सापडली रे बाबा.

अक्का त्या दाण्याकडं बघत होत्या. लई येळ बघितलं. त्यांच्या तोंडावर काय न्हवतं, नेहमीसारखंच. मग त्यांनी मान वर केली आन जसं बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं.

"दाणा अनसूयेवर थांबला न्हाय. माझ्या घराकडं वळला."

आन सूप उचललं, उलटं केलं आन मातीत पालथं घातलं. दाणे त्याच्याखाली.

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, दाबलाबी न्हाय. म्या तोंड मिटलं. न्हायतर मी काय बोलले आसते? अक्का खोटं बोलत्यात आसं? साऱ्या गावासमोर? आमच्या घरात सूप तीन पिढ्यांचं, त्यावर एकबी खोटं बोलणं झालं न्हवतं.

पाटील उठले. त्यांना कळंनाच काय करावं. धोंडीबा पुढं आला, तंबाखू थुंकला, वाकून सुपाला हात लावला आन तो हात कपाळाला लावला. "सूप पालथं पडलं," तो म्हणला. "आता ह्यावर माझ्या आईलाबी बोलता यायचं न्हाय. घरी जावा समदे." मला धोंडीबा कधी आवडला न्हाय, पण त्यानं त्या दिवशी रीत पाळली. तेवढं म्हणलं पाहिजे.

अनसूया उठली. गाठोडं उचललं. अक्कांकडं बघितलं. त्या बघण्यात उपकाराची जाण न्हवती, भ्या होतं. ती एक पाऊल मागं सरली, मग दुसरं, आन मग झपाझपा चालत गेली.

घरी आल्यावर मी दार लावलं आन अक्कांवर तुटून पडले. "म्या बघितला दाणा. तिच्यावरच थांबलावता. तुमीबी बघितला. का म्हून खोटं बोललात? तिनं तुमचं पोर खाल्लं आन तुमी तिला सोडलंत?"

अक्का चुलीसमोर बसल्या. "व्हय, तिच्यावरच थांबला," म्हणल्या. "दाणा खरा हाय. तिनंच केलं आसंल."

"मग?"

"मला वाटलं, दाणा दिसल्यावर तरी राग यील. म्या थांबले त्याच्यासाठी. आलाच न्हाय, उमा. मग राग न्हाय तर एखाद्या बाईला घरातनं कशापायी काढायचं?"

"माझ्याकडं होता की राग," मी म्हणलं. "मला इचारायचं होतं तुमी."

मी त्या रात्री जेवले न्हाय. त्या जेवल्या.

पाटलांनी नातवाला बैलगाडीत घालून सोलापूरला दवाखान्यात नेलं. तिथं सुया दिल्या, पोरगं बरं होऊन आलं. मला वाटलं, चला, मिटलं. कुठलं काय. गाव म्हणायला लागलं, सूप पालथं पडलं म्हून पोर वाचलं. जिनं केलंवतं तिच्याच हातनं सुटलं. पाटलाची बायको नदीवर मोठ्यानं म्हणली, बघणारीच करणारी निघाली गं बाई.

आमाला शिवेबाहेर कुणी घातलं न्हाय. माझे मालक घरात होते, जमीन होती, आन पालथ्या सुपावरची गोष्ट काढता येत न्हाय. पण बारशाचं बोलावणं बंद झालं. अक्का रस्त्यानं निघाल्या की बाया लेकरं आत घ्यायच्या. माझी आई माहेराहून आली आन मला म्हणली, पोरीला अक्काच्या मांडीवर देत जाऊ नको. पोरगी त्या येळी अक्कांच्या मांडीवरच झोपलीवती. माझा हात शिवशिवला, खोटं कशाला सांगू. पण उचलली न्हाय. आईलाच म्हणलं, तुझी गाडी दुपारची हाय न्हवं?

अक्कांना कशाचंच काय न्हवतं. बारशाला बोलावलं न्हाय तर त्या येळात जात्यावर बसायच्या. पालथं सूप आमी चावडीपासनं तसंच पालथं घरी आणलं आन माळवदावर कोपऱ्यात ठेवलं. त्याच्यावर धूळ बसली, कोंबडी बसायला लागली. मी हाकलायची. अक्का म्हणायच्या, बसू दे.

आसं वर्ष गेलं. दोन गेली आसतील.

एकदा दुपारी अक्का आडावरनं घागर घेऊन येत होत्या. मी दारात जवारी निवडत बसलेवते. पलीकडनं अनसूया आली, कडेवर कुणाचं तरी न्हाऊ घातलेलं बाळ, तेल लावून लख्ख केलेलं. गल्ली अरुंद, दोघी समोरासमोर. अनसूया थांबली. आन तिनं पदर ओढला आन बाळाचं तोंड झाकलं. नुसतं झाकलं न्हाय, भितीकडं वळून उभी राहिली, अक्का पुढं जाईस्तवर. तोंडानं देवाचं नाव पुटपुटत होती.

माझ्या हातातलं ताट सांडलं. मी उठलेच. आज सांगणारच होते तिला, तुझ्यावर थांबलावता दाणा, तुझ्यावर. जिला भितीकडं तोंड करतीस तिनं तुझं घर वाचवलं. मी उंबरा ओलांडला तर अक्का समोर. घागर डोक्यावर तशीच.

"आत चल," म्हणल्या.

"न्हाय, आज मी सोडत न्हाय तिला."

"तिनं पोरावर पदर टाकला न्हाय तर गाव परत तिच्याकडंच संशयानं बघंल. आत चल."

मी आत आले. ते अक्कांसाठी, अनसूयेसाठी न्हाय. अक्कांनी घागर उतरवली. उतरवताना निम्मं पाणी सांडलं. म्या त्यांच्या हातनं कधी पाणी सांडलेलं बघितलं न्हवतं, शांतलिंग गेला त्या सालीबी न्हाय. त्या भितीला टेकून खाली बसल्या. मला वाटलं, चक्कर आली.

"अक्का?"

त्यांनी माझं लुगडं धरलं. मग म्हणल्या, "उमा. मला राग आला."

मी गपकन बसले त्यांच्यासमोर.

"तिनं पोराचं तोंड झाकलं," त्या म्हणल्या. "माझ्यापासनं. माझा शांतलिंग तिच्या पायावर न्हाला आन ती माझ्यापासनं पोराचं तोंड झाकती. उमा, मला तिला धरून आपटावं वाटलं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "एवढा आसतो व्हय गं राग? तू एवढी वर्षं हे घेऊन फिरलीस?"

मी माळवदाकडं बघितलं. त्यांनीबी बघितलं. वर सूप होतं. सुलटं करून परत तिचं नाव घेतलं आसतं तर काय झालं आसतं, कुणी अडवलं आसतं? धोंडीबाबी म्हातारा झालावता. अक्का उठल्या, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेल्या. मी वाट दिली. खरं सांगते, म्या त्यांना अडवलं नसतं.

त्या तिथं उभ्या राहिल्या. मग पायरीवरच बसल्या आन शांतलिंगाचं नाव घेऊन रडायला लागल्या. एवढ्या वर्षांचं. माझी पोरगी शाळंतनं आली, घाबरली, मी तिला शेजारी पाठवलं. संध्याकाळ झाली तरी अक्का रडत होत्या. मग थांबल्या, तोंड धुतलं आन म्हणल्या, भूक लागली.

मी ताट वाढलं. सकाळची आमटी होती, गरम केली. त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात घातली. चावता चावता थांबल्या. माझ्याकडं बघितलं.

"उमा, मीठ लई झालंय," त्या म्हणल्या.

झालंवतं खरं. मी चुलीकडं तोंड केलं आन लाकडं सारता सारता रडले, त्यांना दिसू नये म्हून.